खुले पत्र: औषधाच्या खिडकीवर पकडलेली चूक जाते कुठे?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत, औषधनिर्माण अधिकारी म्हणून झाली. औषधटंचाईवर आपल्याकडे निवेदनांचा ढीग पडलेला असणारच. मला बोलायचंय ते ओपीडीच्या केसपेपरवर लिहिल्या जाणाऱ्या चुकांबद्दल.

हा विषय काढला की लोक डॉक्टरांच्या अक्षराला हसतात. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम २०१६ पासून आहेच. पण वाचता आलं नाही तर फार्मासिस्ट निदान विचारतो. खरी भीती स्वच्छ अक्षरातल्या चुकीची. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची. घाईत तिच्यापुढे ‘ओडी’, म्हणजे रोज एक, असं पडलं तर तोंड फोडांनी भरतं, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. पॅरासिटामॉलचं सिरप पाच मिलीमागे १२५ मिलिग्रॅमचं येतं आणि २५० चंही. केसपेपरवर बाळाचं वजन नाही, नुसतं ‘एक चमचा’; खिडकीतल्या माणसानं काय समजायचं? संगणकावर चिठ्ठ्या निघाल्या की हे मिटेल, या भरवशावरही राहू नका. यादीतलं खालचं-वरचं नाव निवडलं जातं, आणि छापील असल्यामुळे शंका कुणाला येत नाही.

आपल्याकडे यात ऊसतोडीची भर. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघायच्या आधी बीपी-शुगरचे पेशंट जास्त दिवसांच्या गोळ्या मागायला येतात. पुढे शंभर माणसं उभी. डॉक्टर ‘सीएसटी’ लिहितात, म्हणजे पूर्वीचंच चालू. पूर्वीचा कागद भिजलेला नाहीतर हरवलेला. त्यात मागच्या खेपेला बीपीची अम्लोडिपिन गोळी पाच मिलिग्रॅमची होती, आता साठ्यात अडीचची. “मावशी, आता दोन घ्यायच्या बरं का,” असं खिडकीतून तोंडी सांगितलं जातं. फडावर गोळ्या संपतात, तिकडच्या दवाखान्यातून पाचची मिळते आणि मावशी सांगितल्याप्रमाणे दोन घेत राहतात. उसात उभं असताना भोवळ आली तर दोष उन्हाला.

अशा कितीतरी चुका खिडकीवर पकडल्याही जातात. पेशंटला परत ओपीडीत पाठवलं की त्याचा रांगेतला नंबर जातो, तो आमच्यावर चिडतो. डॉक्टरांनाही ते आवडतंच असं नाही. मग खाडाखोड होते, औषध दिलं जातं आणि विषय संपतो. ई-औषधीत, म्हणजे औषधसाठ्याच्या संगणकीय नोंदीत, गोळीन् गोळीचा हिशेब लागतो. थांबवलेल्या चुकीची नोंद मात्र कुणी मागत नाही. त्यामुळे तीच चूक पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खोलीतून येते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक खिडकीवर एक वही ठेवा. औषध कोणतं, काय चुकलं, काय दुरुस्त केलं, एवढंच लिहायचं. डॉक्टरचं नाव नको, नाहीतर पहिल्याच आठवड्यात वही कपाटात जाईल. महिन्यातून एकदा डॉक्टर आणि फार्मासिस्टांनी ती एकत्र बसून वाचावी. खिडकीतून ओपीडीत थेट फोन लागावा. मात्रा बदलली तर ती केसपेपरवर मराठीत लिहून सही करणं सक्तीचं करा. आणि रिकाम्या पदांमुळे एकच माणूस साठाही बघतो नि खिडकीही सांभाळतो, तिथे यातलं काहीच होणार नाही, हेही सांगून ठेवतो.

गळीत हंगामाच्या आधी बीड नाहीतर परभणी जिल्ह्यापासून सुरुवात करता येईल. वहीला निविदा काढावी लागत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी