होमस्कूलिंग : पालकांचा हक्क मान्य, पण पाहणी हवीच

संपादक महोदय,

होमस्कूलिंगचा, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा, विषय निघाला की दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. एक, ‘मूल माझं आहे, सरकारचं नाही.’ दुसरं, ‘शाळेत न जाणारं मूल म्हणजे शिक्षणाला मुकलेलं मूल.’ दुसऱ्यात तथ्य नाही. एकाच मुलाकडे रोज सलग दोन-तीन तास लक्ष देणारा माणूस घरात असेल, तर वाचन, लेखन आणि गणित घरी उत्तम शिकवता येतं. शाळेत छळ सोसणारी, दीर्घ आजारी असलेली किंवा वर्गाच्या गोंगाटात गुदमरणारी मुलं घरी आल्यावर शिकू लागतात. म्हणून खरा प्रश्न पहिल्या वाक्याचा आहे. पालकहक्कांचं सगळं राजकारण त्याच वाक्यावर उभं आहे आणि ते अर्धवट वाचनावर उभं आहे.

अमेरिकेत या हक्काची बाजू मांडणारा प्रत्येक जण १९२५ च्या ‘पिअर्स विरुद्ध सोसायटी ऑफ सिस्टर्स’ या निकालाचा आधार घेतो. ऑरेगन राज्याने १९२२ मध्ये आठ ते सोळा वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली होती. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेने त्या कायद्याची पाठराखण केली होती आणि रोख कॅथलिक शाळांवर होता. सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द ठरवला आणि मूल ही निव्वळ राज्याची निर्मिती नव्हे, असं म्हटलं. एवढंच सगळीकडे उद्धृत होतं. पण त्याच वाक्याच्या पुढच्या भागात न्यायालय म्हणतं की, मुलाला वाढवणाऱ्यांचा हा हक्क मोठ्या कर्तव्याशी जोडलेला आहे. शिवाय त्याच निकालात थोडं आधी असंही नमूद आहे की, सर्व शाळांचं वाजवी नियमन करण्याचा, त्यांची तपासणी करण्याचा, शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची परीक्षा घेण्याचा राज्याचा अधिकार या खटल्यात वादाचा विषयच नाही. म्हणजे ज्या निकालाच्या जोरावर तपासणी नाकारली जाते, त्यानेच ती शाबूत ठेवली आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्याच १९७२ च्या ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ या निकालाचंही तसंच. त्यातली आमिश या जुन्या रीती पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाची मुलं आठवीपर्यंत शाळेत जात होती. वाद होता तो त्यापुढच्या सक्तीच्या शिक्षणाचा. न्या. विल्यम डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवलं आणि मुलांचं स्वतःचं म्हणणं ऐकायला हवं, असा आग्रह धरला. हा मुद्दा पन्नास वर्षांहून अधिक काळ बाजूला पडून आहे. वाद पालक आणि सरकार यांच्यात रंगतो आणि ज्याच्या आयुष्याची ही गोष्ट आहे, ते मूल कुठेच नसतं. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारावर अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण तो आजतागायत संमत केलेला नाही. संमतीला झालेल्या विरोधात होमस्कूलिंगवाल्या संघटनांचा मोठा वाटा आहे.

आता प्रत्यक्ष नियम पाहू. टेक्सासमध्ये मूल घरी शिकवत असल्याचं कुणालाही कळवावं लागत नाही. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व हे विषय प्रामाणिकपणे शिकवायचे, एवढीच अट, आणि ती पाळली जाते का हे नियमाने पाहणारं कुणी नाही. पेनसिल्व्हेनियात याच्या उलट. दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत प्रतिज्ञापत्र द्यायचं. घरातल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीला मागच्या पाच वर्षांत ठरावीक गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली नाही, हेही त्यात लिहून द्यावं लागतं. वर्षाला १८० दिवस, किंवा प्राथमिकला ९०० आणि माध्यमिकला ९९० तास शिकवायचं. वापरलेल्या पुस्तकांची तारीखवार नोंद आणि मुलाच्या कामाचे नमुने जपायचे. तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित चाचणी. शेवटी पात्र मूल्यमापक मुलाशी बोलतो, नमुने पाहतो, आणि त्याचं पत्र ३० जूनपर्यंत शिक्षण अधीक्षकाकडे जातं. न्यूयॉर्कमध्ये वार्षिक आराखडा आणि वर्षातून चार अहवाल लागतात. पेनसिल्व्हेनियात आणि न्यूयॉर्कमध्ये होमस्कूलिंग बुडालेलं नाही, हजारो कुटुंबं हे सगळं पाळून मुलांना घरी शिकवत आहेत. पाहणी आली की स्वातंत्र्य संपलं, हा दावा तिथेच खोटा ठरतो.

मात्र नुसती नोंद म्हणजे पाहणी नव्हे. कॅलिफोर्नियात घरालाच खासगी शाळा म्हणून दाखवणारं प्रतिज्ञापत्र दरवर्षी भरण्याची सोय आहे. २०१८ च्या जानेवारीत पेरिस या गावातल्या एका घरातून तेरा भावंडांची सुटका झाली. त्यांतल्या काहींना साखळीने बांधून ठेवलं जात होतं. त्या घराची ‘शाळा’ रीतसर नोंदलेली होती. कागद होता, पण मुलांना डोळ्यांनी पाहणारं बाहेरचं कुणी नव्हतं. त्याच वर्षी कनेक्टिकटच्या बाल-अधिवक्ता कार्यालयाने, म्हणजे मुलांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाने, सहा शाळा-जिल्ह्यांची (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागांची) माहिती तपासली. तीन वर्षांत होमस्कूलिंगसाठी शाळेतून काढलेल्या ३८० मुलांपैकी १३८ मुलांच्या कुटुंबांबद्दल बालसंरक्षण विभागाने आधी किमान एक तक्रार दाखल करून घेतलेली होती. तक्रार दाखल होणं म्हणजे छळ सिद्ध होणं नव्हे, आणि सहा जिल्ह्यांवरून सगळ्या पालकांबद्दल मत बनवणं अन्यायाचं होईल. पण चौकशी चालू असताना मूल शाळेतून काढता येतं आणि मग त्याला रोज पाहणारे शिक्षक उरत नाहीत, ही फट खरी आहे. ती बुजवायला मोठी यंत्रणा लागत नाही. शाळा सोडल्याचा दाखला देण्यापूर्वी शाळेने बालसंरक्षण विभागाला एक विचारणा करायची. चौकशी प्रलंबित असेल तर ती संपेपर्यंत दाखला थांबवायचा, नसेल तर लगेच द्यायचा.

वार्षिक पाहणीत काय पाहायचं, यावरही नीट बोललं जात नाही. फक्त चाचणी ठेवली तर डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेलं मूल उगाच नापास ठरतं, आणि पाठांतर पक्कं असलेलं मूल काही न समजता पुढे सरकतं. फक्त वही पाहिली तर पालक सर्वांत चांगली पानं लावून आणतात. म्हणून प्रत्येक विषयाचे वर्षाच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे तारखेसह तीन नमुने मागावेत. प्रगती त्यांच्या तुलनेत दिसते, एका सुबक पानात दिसत नाही. मूल्यमापकाने मुलाशी पालकांविना अर्धा तास बोलावं, त्याला अनोळखी उतारा वाचायला द्यावा, समोर एक परिच्छेद लिहून घ्यावा. मूल्यमापक पालकच निवडतात आणि त्याची फीही तेच देतात, ही पेनसिल्व्हेनियाच्या पद्धतीतली कच्ची बाजू. दर दोन वर्षांनी माणूस बदलायची अट घातली तर ती बरीच सावरते. चौदाव्या वर्षापासून विषय, पुस्तक, तास आणि गुण यांची नोंद ठेवणं बंधनकारक हवं. अमेरिकेत माध्यमिक शाळेत एका विषयाचं एक क्रेडिट, म्हणजे शिकलेल्या अभ्यासाचं मोजमापाचं एकक, साधारण १२० तासांचं धरतात. ही नोंद नसली की अठराव्या वर्षी मुलाच्या हातात दाखवायला काहीच उरत नाही आणि मागचे तास पुन्हा मोजता येत नाहीत.

सरकारचा अतिरेकही तितकाच खरा आहे. जर्मनीत शाळेत जाण्याची सक्ती इतकी कडक आहे की, पालकांची तक्रार युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेली. २००६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. फ्रान्समध्ये पूर्वी कळवलं की पुरत असे. २०२१ च्या कायद्यामुळे सप्टेंबर २०२२ पासून आजार वा अपंगत्व, खेळ वा कलेचा सघन सराव, फिरतं वा दूरचं वास्तव्य, किंवा मुलाची विशेष परिस्थिती अशी कारणं दाखवून परवानगी मागावी लागते. हे मला पटत नाही. परवानगीची पद्धत आली की, काही चुकलं नसतानाही प्रामाणिक आई-वडिलांनाच स्वतःची बाजू मांडत बसावं लागतं, आणि अधिकारी बदलला की उत्तरही बदलतं. कळवणं पालकांचं, पाहणं सरकारचं, आणि आक्षेप असेल तर कारण लेखी देण्याची जबाबदारी सरकारची, हा क्रम योग्य आहे.

भारतात तर कायदा या बाबतीत धूसरच आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवतं, पण ते मोडणाऱ्या पालकाला शिक्षा सांगत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. बाकीच्या मुलांसाठी घरी शिकण्याची नोंद करायला रकानाच नाही. त्यामुळे उत्तम शिकणारं मूल आणि खरोखर शिक्षण तुटलेलं मूल, दोघंही ‘शाळाबाह्य’ या एकाच यादीत येतात. उद्या या विषयावर नियम होतील तेव्हा पहिलं कलम नोंदीचं असावं, दुसरं शाळा सोडताना करायच्या विचारणेचं, आणि तिसरं वर्षातून एकदा मुलाशी समोरासमोर बोलण्याचं.

आपला,
एक वाचक