गुहागरला एक दिवस जास्त

गुहागर,
गुरुवार, दुपार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, उद्या चालवणारच नाहीस? मग रेडीला पोचणार कधी?" तुझ्या आवाजात काळजी होती, आणि थोडा धाकही होता. तो धाक मी लगेच ओळखला, कारण तो माझाच आहे, माझ्याकडूनच तुझ्यात उतरलाय. मग व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकून भागेना. काकूंकडून वहीची चार पानं मागून घेतली आणि पडवीत बसून लिहितेय. काकू म्हणजे ज्यांच्या घरी उतरलेय त्या.

रेवसपासून इथवर सायकलवर चार दिवस झाले, आणि रेडी अजून पार कोकणाच्या खालच्या टोकाला. पहिला मुक्काम मुरूडला, दुसरा श्रीवर्धनला, तिसरा आंजर्ल्याला, आणि काल संध्याकाळी दाभोळची खाडी ओलांडून गुहागर. नकाशात हा रस्ता समुद्राला धरून सरळ खाली येताना दिसतो. घरी टेबलावर बोट फिरवत मी बाबांना म्हटलंही होतं, घाट नाही, सपाटच आहे सगळं. चालवायला घेतल्यावर कळलं, की कोकणात सपाट असं काही नसतं. दर खाडीला उतरायचं, फेरीबोटीत सायकल रेलिंगला बांधायची, आणि पलीकडे उतरलं की पुन्हा तेवढंच चढायचं. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे. राजपुरीची खाडी, मग सावित्री, मग वाशिष्ठी. बोटीत दहा-पंधरा मिनिटं गार वारा लागतो, पाय हलके होतात, आणि धक्क्यावर उतरल्या उतरल्या समोर चढ उभा असतो.

गुडघा तिसऱ्या दिवशी वेसवीच्या चढावर बोलायला लागला. उजवा, पुढच्या बाजूने, वाटीच्या खाली. मी लक्ष दिलं नाही. आंजर्ल्याला रात्री तेल चोळलं आणि झोपले. काल मात्र धोपाव्याच्या चढावर पॅडल खाली दाबलं की आत कुणी दाभण टोचावं तशी कळ यायला लागली. उतरले आणि ढकलत निघाले. मागून एक टेम्पोवाला आला, थांबला, म्हणाला, "मावशी, मागे टाकू का सायकल? गुहागरलाच चाललोय." मी नको म्हटलं. का नको म्हटलं, ते मला आज सकाळपर्यंत सांगता आलं नसतं. गुहागरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. काकूंनी काही न विचारता मऊ भात, मेतकूट, वर तूप असं ताट पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्या जायचं नाही हं ताई." मी हो म्हटलं खरं, पण मनातून नाही.

आज पहाटे पाचला सवयीने जाग आली. बाहेर अंधार, समुद्राचा आवाज. अंथरुणात पडून छताच्या कौलांकडे बघत होते आणि चोरी केल्यासारखं वाटत होतं. कुणीतरी दार उघडेल आणि विचारेल, अजून इथेच? एकदा उठून सायकलची पँट हातातही घेतली, सोनू. ती ओलीच होती. इथल्या दमट हवेत रात्रीतून काही वाळत नाही. मग ठेवून दिली आणि परत आडवी झाले.

चहा पिऊन सायकल अंगणात आणली, निदान ती तरी पुसावी म्हणून. तुला आठवतं, निघायच्या आधी तूच माझ्या सीटच्या दांड्यावर काळी इलेक्ट्रिक टेप गुंडाळली होतीस? "आई, उंची इथेच राहिली पाहिजे," असं म्हणून. ती टेप मला दिसेना. आधी वाटलं, निघून पडली असेल. मग वाकून बघितलं, तर तिची जेमतेम एक कड नळीच्या तोंडाशी दिसत होती. क्लॅम्प सैल पडून दांडा चार दिवसांत हळूहळू आत सरकला होता, बोटाच्या पेराएवढा. सीट खाली गेलं की गुडघा पुरता उघडत नाही, दर फेऱ्याला जास्त मुडपतो, आणि सगळा भार वाटीवर येतो. हे मला माहीत आहे. तुलाही मीच सांगितलं होतं. पण रोज पहाटे अंधारात बॅग बांधून निघायचं आणि संध्याकाळी सायकल भिंतीला लावून झोपायचं, मध्ये बघणार कधी? मी गुडघ्याला दोष देत होते. आज थांबले नसते तर मालवणपर्यंत तशीच गेले असते आणि गुडघा कायमचा घालवून बसले असते.

दांडा वर काढला, पुसला, टेपेच्या खुणेला आणला, क्लॅम्प आवळला. मग एकेक करत सगळंच बघितलं. साखळीवर खाऱ्या हवेने तांबूस पूड धरली होती. काकूंकडून चिंधी आणि थोडं रॉकेल घेऊन ती पुसली, तेल दिलं. मागच्या ब्रेकचे रबर इतके झिजलेत की खाचा दिसेनाशा झाल्यात. एवढे उतार, प्रत्येक उताराला ब्रेक दाबत आलेले. बरोबर आणलेली जोडी आत्ताच बसवली. या रबरांनी मी उद्या हेदवीचा उतार उतरणार होते, हे मनात आलं आणि पोटात गोळा आला.

शरीराचंही असंच असतं. स्नायूंमध्ये साखरेचा जो साठा असतो, तो लांब चढणीत रिकामा होतो आणि नीट भरायला पोटभर जेवूनही एक दिवस सहज लागतो. रोज थोडा कमीच भरला की चौथ्या-पाचव्या दिवशी पाय शिशाचे होतात. स्नायूंच्या तंतूंना ज्या बारीक इजा होतात, त्या आपण चालवत असताना भरत नाहीत. आपण झोपतो तेव्हा भरतात. म्हणजे ताकद वाढते ती चढावर नाही, त्यानंतरच्या पडून राहण्यात. जुलैत तू संध्याकाळी टूर द फ्रान्स लावून बसायचास. तीन आठवडे, २१ टप्पे, आणि मध्ये दोन दिवस सुट्टीचे. जगातले सगळ्यात दणकट पाय, तरी त्यांनाही त्या सुट्ट्या लागतात. त्या दिवशीही ते तास-दीड तास अगदी हलकी सायकल फिरवतात, पाय आखडू नयेत म्हणून. मीही दहा वाजता तेवढंच केलं. गुहागर म्हणजे एकाच लांब रस्त्याला लागलेली घरं आणि आगरं. व्याडेश्वराचं दर्शन घेतलं, वरचा पाट म्हणतात त्या वस्तीत दुर्गादेवीपर्यंत गेले, परत आले. सगळ्यात हलका गिअर, घाम न येता. गुडघा दुखला नाही.

जेवण झाल्यावर काकूंच्या आगरात जाऊन बसले. पोफळींची रांग, खाली पाटाचं पाणी, ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. त्यांचा गडी सुपारी उतरवायला वर चढला होता. एका पोफळीवरचा घड उतरवला की तो खाली येत नाही. शेंड्याशी राहून अंग झुलवतो, झाड वाकतं, आणि शेजारच्या झाडाला हात घालून तो तिकडे जातो. मी श्वास धरून बघत होते. पाच-सहा झाडं अशीच केली आणि मग एका झाडावर मध्येच थांबला. पाय घट्ट, पाठ मागे टेकलेली, नुसता समुद्राकडे बघत. चांगली पाच मिनिटं. खालून कुणी ओरडलं नाही. काकू घड गोळा करत होत्या, त्यांनी वरही पाहिलं नाही. मग तो आपणहून पुढच्या झाडावर गेला.

आणि मला तुझा बारावीतला तो रविवार आठवला. तू दुपारी झोपला होतास, एप्रिलचं ऊन होतं, सीईटीला तीन आठवडे राहिले होते. मी खोलीत आले आणि पंखा बंद केला. तू घामाघूम होऊन उठलास, काही बोलला नाहीस, पुस्तक घेऊन बसलास. मला तेव्हा वाटलं, बरं केलं. बँकेत मीही अशीच वागत होते. निवृत्त झाले तेव्हा २४० दिवसांच्या रजेचे पैसे मिळाले आणि ते मी सगळ्यांना अभिमानाने सांगितलं. त्या २४० दिवसांतला एखादा तुझ्यासोबत घालवता आला असता, हे तेव्हा सुचलंही नाही.

तो पंखा बंद करायला नको होता, सोनू. माझं चुकलं. इतक्या वर्षांनी सांगतेय, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

काल तू म्हणालास, मेच्या परीक्षेपर्यंत एकही दिवस वाया घालवणार नाही, चार तास झोप पुरते. मागच्या वेळी विषयांचा एक ग्रुप सुटायचा राहिला म्हणून तू स्वतःला शिक्षा करतोयस, हे मला कळतं. तू मेहनतीत कमी पडलास असं मला वाटत नाही. माझ्या टेपेसारखं काहीतरी हळूहळू आत सरकलं असेल आणि बघायला तुला सवडच मिळाली नसेल. आठवड्यातला एक दिवस पुस्तकं मिटून ठेव. नुसता लोळ, डेक्कनवर जाऊन ये, तुझ्या जुन्या सायकलला तेल दे. त्या दिवशी किती पानं झाली, असं मी विचारणार नाही. रविवारी दुपारी फोनही करणार नाही, बाबांनाही तसं सांगून ठेवलंय.

उद्या पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळच्या धक्क्याला जाईन, तिथून बोटीने जयगड. मुक्काम मालगुंडला. गुडघा कुरकुरला तर मालगुंडलाही एक दिवस जास्त राहीन, आणि टेम्पोवाला भेटला तर या वेळी हो म्हणेन.

पँट वाळली आहे, ती आत घेते. काकूंना सकाळी सहाचा चहा सांगितलाय.

तुझी,
आई