आबांचा संगणक आणि रिस्क-फाइव्ह

कोथरूड, पुणे

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

आबांसाठी संगणक घ्यायचाय, तर रिस्क-फाइव्हचाच घेऊ का, असं विचारलंस. म्हणजे ज्याची चिप रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर, प्रोसेसरला कळणाऱ्या मूळ आज्ञांच्या यादीवर, चालते असा. आबांसाठी इतक्यात नको. तुझ्यासाठी मात्र जरूर घे.

माझा व्हिजनफाइव्ह २, म्हणजे रिस्क-फाइव्ह चिपचा छोटा संगणक-बोर्ड, कायम टेबलावर असतो. तपकीर गल्लीतून चार्जर आणि पंखा आणला, बोर्डवाल्यांनी दिलेलं डेबियन लिनक्स चढवलं. लिबरऑफिसात मराठी झकास उमटतं, जोडाक्षरं कुठे तुटत नाहीत. हे पत्र त्यावरच लिहितोय. पण फायरफॉक्समध्ये बँकेचं पान उघडेपर्यंत ताटकळावं लागतं आणि यूट्यूबवर कीर्तन लावलं की बुवांचा आवाज पुढे, चित्र मागे. आबांना ते सोसायचं नाही.

यात आज्ञासंचाचा दोष नाही. माझ्या बोर्डावरच्या जेएच७११० चिपमध्ये १.५ गिगाहर्ट्झचे चार यू७४ कोअर, म्हणजे आज्ञा चालवणारे भाग, आहेत. ते आज्ञा आल्या त्याच क्रमाने चालवतात; एक अडली की मागच्या खोळंबतात. शिवाय व्हेक्टर आज्ञा नाहीत. एका झटक्यात अनेक आकड्यांवर काम करायची सोय व्हिडिओला लागते, नेमकी तीच नाही. ग्राफिक्ससाठी बोर्डवाल्यांच्याच कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, चिकटून राहावं लागतं, हा आणखी एक ताप.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. आज्ञासंच खुला म्हणून चिप खुली होत नाही. बर्कलेत २०१० साली जे सुरू झालं, ते परवान्याचे पैसे न भरता कुणालाही वापरता येतं. पण यू७४चा आराखडा सायफाइव्ह कंपनीचा, तो बंदच. आपल्या मद्रास आयआयटीच्या ‘शक्ती’ने कोअरचा आराखडासुद्धा खुला केला. २०१८ साली तिच्या चिपवर लिनक्स चाललं, त्याचा मला आजही अभिमान वाटतो!

सॉफ्टवेअरची बाजू भक्कम होतेय. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने रिस्क-फाइव्हला अधिकृत स्थान दिलं. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सने २५.१० आवृत्तीपासून आरव्हीए२३ची, म्हणजे चिपमध्ये कोणत्या आज्ञा असायलाच हव्यात हे ठरवणाऱ्या प्रोफाइलची, अट घातली, म्हणजे माझ्या बोर्डाला २४.०४वरच थांबावं लागणार. वाईट वाटलं, तरी निर्णय मला पटतो. हा प्रोफाइल ऑक्टोबर २०२४मध्ये मंजूर झाला आणि त्यात व्हेक्टर आज्ञा सक्तीच्या आहेत. प्रत्येक चिपची तऱ्हा निराळी राहिली, तर प्रोग्राम लिहिणाऱ्याने कुणाकुणाचं बघायचं? आरव्हीए२३चे वेगवान कोअर दुकानात मिळू लागले की आबांचा विचार करू.

तोवर त्यांना साधा लॅपटॉप घे, लिनक्स मी फोनवर सांगून घालून देतो. तू बोर्ड घेशील तो ८ जीबीचा घे आणि सिस्टिम मेमरी कार्डावर न ठेवता खालच्या एम.२ खाचेत एनव्हीएमई एसएसडी बसवून त्यावर ठेव. तेवढ्यानेही फरक जाणवतो.

आबांना नमस्कार सांग. वहिनींनाही.

तुझा,
अविनाश