बाबा, त्यांचं सुपर अलॉय म्हणजे आपलं जस्तच आहे

प्रिय आई-बाबा,

रविवारी कॉलवर माझ्या मागचं काचेचं कपाट दिसलं आणि आईने विचारलं, "चौतिसाव्या वर्षी खेळणी?" मग पुढची वीस मिनिटं त्यातच गेली, बाबा तर एक शब्द बोलले नाहीत, नुसता चष्मा वर करून बघत होते. म्हणून म्हटलं लिहूनच पाठवते, लिहिलेलं आई मधेच तोडू शकत नाही.

तर आई, पहिलं पैशांचं. ती मोटरसायकल, जी वळवली की रोबो होऊन उभी राहते, ती मला साडेचार हजार येनला पडली, म्हणजे आपले अडीच हजार. खोका नाही म्हणून स्वस्त, खोका असता तर मी नुसती काचेतून बघून परत आले असते. पॉपी नावाच्या कंपनीची आहे, मशीन रोबो नावाच्या खेळण्यांच्या मालिकेतली पहिली, 1982 ची. तेव्हा किंमत 600 येन होती म्हणून त्या मालिकेला 600 च म्हणतात. पुढे याच खेळण्यांना अमेरिकेत टोन्का कंपनीने गोबॉट्स म्हणून विकलं. आणि टाकारा कंपनीचे गाड्यांचे रोबो होते ते अमेरिकेच्याच हॅस्ब्रो कंपनीने घेतले, 1984 मधे त्यांचे ट्रान्सफॉर्मर्स झाले. दादाचा तो तुळशीबागेतला निळा-लाल ट्रक आठवतो? त्याचं मूळ टाकाराचं, आपला अर्थातच नक्कल होता, दुसऱ्याच दिवशी हात निखळला आणि बाबांनी गॅसवर खिळा तापवून आरपार घातला होता, आठवडाभर घरात जळक्या प्लॅस्टिकचा वास.

आता बाबा, खरं पत्र तुम्हालाच आहे. अशा धातूच्या खेळण्यांना इथे जपानमधे चोगोकिन म्हणतात, जपानीत त्याचा अर्थ सुपर अलॉय. 1974 ला पॉपीने माझिंगर झेड नावाचा टीव्हीवरचा रोबो धातूत काढला, तो काही बदलत बिदलत नव्हता, फक्त मुठी उडवायचा, पण मालिकेत त्याचं अंग एका काल्पनिक, महामजबूत धातूचं होतं, तेच नाव खेळण्याला दिलं. आणि प्रत्यक्षात काय? झिंक! तुमचं रोजचं झिंक, चार टक्के ॲल्युमिनियमवालं, ज्याच्या भट्टीची धग घेऊन तुम्ही भोसरीच्या कारखान्यातून घरी यायचात. मला हे कळलं तेव्हा मी मेट्रोत एकटीच हसले.

ती मोटरसायकल दुकानात उलटी केली ना, तर आतल्या बाजूला चार छोटे गोल ठसे. इतकी वर्षं तिथे माणसं उभी राहून रंग उडालाय का, स्टिकर शाबूत आहे का बघतात, मी म्हटलं अरे हे तर इजेक्टर पिनचे, साच्यातून पीस बाहेर ढकलतात त्या. मग नखाने कडा चाचपली तर पार्टिंग लाइन लागली, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, एका जागी फ्लॅश, म्हणजे कडेला आलेला जादा धातू, नीट कानसलेला नाही, कोणीतरी शनिवारी संध्याकाळी घाईत सोडून दिलेला पीस असणार. तुम्ही असता तर रिजेक्टच केला असता. मी लगेच घेतला.

दुकान टोकियोतल्या नाकानो ब्रॉडवेत आहे, 1966 ची जुनी इमारत, वरच्या मजल्यांवर जुनी खेळणी-कॉमिक्स विकणाऱ्या मांदाराके वाल्यांची लहान लहान दुकानं, प्रत्येकात काचेची कपाटं. माझ्या इथल्या निशी-कासाई स्टेशनहून मेट्रोच्या तोझाई लाइनची एकच गाडी थेट जाते, बदलायची भानगड नाही, हाच माझा सगळा अनर्थ.

एकदा फसले पण. ऑनलाइन लिलावात पाच यानं जोडून होणारा मोठा रोबो घेतला (ही पाच यानं जोडायची कल्पना 1976 च्या कॉम्बॅटलर व्ही या टीव्ही मालिकेपासूनची), फोटोत झकास, घरी आला तर एका पायाची धातूची खालची बाजू फुगलेली, आतून केसाएवढ्या भेगा, आणि बोटाने दाबलं तर कोपरा बिस्किटासारखा तुटला. झिंक पेस्ट म्हणतात त्याला, पेस्ट म्हणजे टूथपेस्ट नाही, कीड. शिसं किंवा कथिल मिसळलं की वर्षानुवर्षांनी आतून सडतं. तेव्हा आठवलं, तुम्ही भट्टीत भंगार टाकणाऱ्या पोराला का ओरडला होतात, "आज चालेल, दहा वर्षांनी तुझं नाव निघेल". मी सातवीत होते, डबा द्यायला आले होते, मला वाटलं केवढ्याशा गोष्टीवर एवढं काय. पैसे गेले ते गेले, विकणाऱ्याने नियम दाखवला, पण तो कोपरा मी डबीत ठेवलाय तुम्हाला दाखवायला.

तर काम असं आहे. मोटरसायकलच्या एका सांध्याची पिन गेलीये, म्हणून रोबो उभा केला की डावीकडे कलतो. व्हर्नियरने मोजलं, भोक 2.05 मिलिमीटर भरतंय, लांबी साडेनऊ लागेल. तुमचे लेथवाले मित्र अजून शेड चालवतात ना, त्यांच्याकडून स्टीलची चार पाच पिना करून ठेवा, थोड्या कमी-जास्त मापाच्या, कारण मला ठोकायची भीती वाटते, दिवाळीला मी तो घेऊनच येते आणि तुम्हीच ठोका.

आई, जेवते मी वेळेवर. भाकरीचं पीठ संपलंय, दिवाळीहून परत जाताना घेऊन जाईन.

तुमची,
सोनू

ता. क. आई, बाल्कनीच्या दाराला तू जी कार्बोरेटरची रिजेक्ट बॉडी अडकवतेस ती दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नकोस. ती मला कपाटात हवी आहे, मोटरसायकलच्या शेजारी.