लॅपटॉप घेऊन गावी येता येत नाही, आई

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, रविवारी फोनवर तू म्हणालीस, "घरूनच काम करतेस ना, मग लॅपटॉप घेऊन दोन महिने इकडेच ये." मी "बघते" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून मनाला रुखरुख लागून राहिलीय. फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

मी इथे ब्रिटनच्या पोलिसांत असले तरी वर्दीतली नाही. केसचे कागद इथल्या सरकारी वकिलांकडे, क्राऊन प्रॉसिक्यूशन सर्व्हिसकडे, जाण्याआधी त्यातली गरज नसलेली खासगी माहिती झाकायची, हे माझं काम. साक्षीदाराचा पत्ता, फोन नंबर, शेजारच्या पोराचं नाव, सगळ्यावर काळी पट्टी. एखादी ओळ नजरेतून सुटली, तर नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बाईचं नवं घर त्यालाच कळायचं. म्हणून प्रत्येक पान दोनदा वाचते.

आठवड्यातले दोन दिवस ऑफिसात, तीन दिवस घरी. घरी म्हणजे वरच्या लहान खोलीत. टेबल असं लावलंय की माझी पाठ भिंतीला लागते, मागून स्क्रीन कुणाला दिसू नये. खिडकीचा पडदा ओढलेला. कागदावर काही छापायचं नाही, चहाला उठले तरी आधी स्क्रीन लॉक. जावईसुद्धा दार वाजवूनच आत येतात. हा लॅपटॉप देशाबाहेर न्यायची आम्हाला मुभा नाही. बाबा, मुद्देमालाच्या खोलीची किल्ली तुम्ही कधी सुट्टीवर जाताना गावी आणली होती का? तसंच आहे हे.

खरा त्रास वेगळाच आहे, तो आजवर तुम्हाला सांगितला नव्हता. मागच्या हिवाळ्यात एका लहान मुलीचा जबाब वाचत होते. ऑफिसात असते तर शेजारची मैत्रीण चेहरा बघूनच चहा घेऊन आली असती. घरी मी एकटी. लॅपटॉप मिटला, सात पायऱ्या उतरले की स्वयंपाकघर, आणि चिऊ विचारतेय, "आई, आज वरण-भात का?" मला बोलताच येईना. तेव्हापासून काम संपलं की आधी बागेला एक फेरी मारते, मगच कुकर लावते. बाबा, तुम्ही ड्युटीवरून आल्यावर कुणाशी न बोलता आधी अंघोळीला जायचात. आम्हाला वाटायचं, चिडलेत. आता कळतं.

तरी घरून काम करायची ही सोय नसती, तर चिऊ झाल्यावर मी नोकरी सोडलीच असती. 999 या इथल्या तातडीच्या नंबरवर फोन आला की धावणाऱ्यांना कसलं आलंय घर? पावसात भिजून आलेल्या त्या पोरापोरींकडे बघून मला फार ओशाळल्यासारखं होतं. बाबा, 2020 च्या एप्रिलमध्ये मुंबईत पंचावन्नच्या पुढच्या पोलिसांना घरी बसवलं, तेव्हा तुम्ही दिवसातून दहा वेळा खिडकीशी जायचात. "पोरं नाक्यावर उभी आहेत आणि मी घरात," असं म्हणायचात. ऑफिसातले दोन दिवस मी कधीच चुकवत नाही, ते त्यामुळेच.

आता मुद्द्याचं. एप्रिल 2024 पासून इथे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागता येतात. वर्षाला दोन अर्ज करता येतात आणि ऑफिसला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. शपथ घेतलेल्या वर्दीतल्यांचे नियम वेगळे आहेत, आम्हा कर्मचाऱ्यांना मात्र हा कायदा लागू आहे. पाच दिवसांचे तास चार दिवसांत बसवून द्या, असा अर्ज मी परवाच दिला. शुक्रवार मोकळा मिळाला, तर चिऊच्या शाळेसाठी आणि दवाखान्यासाठी रजा मोडायला नको. सगळी साठवून बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन आठवडे येईन, लॅपटॉप इथेच कुलपात ठेवून.

आई, डॉक्टरांनी तारीख पक्की केली की त्याच दिवशी कळव, रात्र असली तरी. आणि बाबांना जिना चढू देऊ नकोस.

तुमची,
ताई