लाभ घ्यावा म्हणे!

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात ते आवाहन छापलंय, माजी सैनिकांच्या पाल्यांनी पंतप्रधान शिष्यवृत्तीचा लाभ घ्यावा म्हणून. घेतला असता हो लाभ. बारावीला ६० टक्के लागतात, माझ्या मुलीला त्याच्या बरेच वर आहेत, इंजिनिअरिंगला रेग्युलर अ‍ॅडमिशन आहे, मुलींना महिन्याला ३,००० मिळतात हे तुमच्या बातमीत नव्हतं पण आम्हाला पाठ आहे, बोनाफाईड, पासबुक, आधार सगळं फाईलला लावून ठेवलंय. अडलंय कुठे, तर तिचे वडील फौजेत होते तरी सरकारच्या व्याख्येत माजी सैनिक बसत नाहीत. आजारपणामुळे पेन्शनशिवाय घरी पाठवलेला फौजी माजी सैनिक धरत नाहीत, हे एक वाक्य तुमच्या बातमीत असतं तर कितीतरी घरातली पळापळ वाचली असती.

आमच्या ह्यांना ड्युटीवर असताना फिट यायला लागल्या. भरतीच्या वेळी सगळं तपासून शेप वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त म्हणून घेतलेला माणूस, घराण्यात कुणाला फिट नाही. हॉस्पिटल झालं, मेडिकल बोर्ड बसलं आणि बोर्ड आऊट करून घरी पाठवलं. नोकरी दहा वर्षांच्या आत, म्हणून पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी घ्या आणि निघा. बोर्डाच्या कागदावर शेरा काय, तर आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. अपील सहा महिन्यांत करायचं असतं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. हे गोळ्यांच्या गुंगीत दिवसभर पडून, मी पोटुशी, त्यात कोण कायदा वाचणार होतं?

आता तीच मुलगी कॉलेजला गेली तर तो शेरा तिच्या आडवा आलाय. ऑफिसचं नाव लिहीत नाही, उगाच उद्या फाईल खाली जायची. तिथे म्हणाले अपील करा. बरं, कुणाकडे? शिष्यवृत्तीवाले म्हणतात आधी माजी सैनिकाचं कार्ड आणा, कार्डवाले म्हणतात डिसॅबिलिटी पेन्शनचा पीपीओ, म्हणजे मंजुरीचा कागद आणा, पेन्शनवाले म्हणतात बोर्डाचा शेरा बदलून आणा, आणि ते बोर्ड तर कधीच उठून गेलं, त्यातले डॉक्टर आता रिटायर होऊन नातवंडं खेळवत असतील! माहितीच्या अधिकारात बोर्डाचे कागद मागवले, अपील लिहिलं, तर उत्तर एका ओळीचं, मुदतीबाहेर. शिष्यवृत्तीच्या अर्जाचं त्यात नावसुद्धा नाही.

आणि काउंटरवरच्या एका गृहस्थांनी तर कमालच केली. म्हणे ताई, २०२४ पासून मुलींना फी माफ झालीय ना, मग कशाला एवढी धावपळ? अहो, ती वेगळी योजना, वेगळ्या खात्याची, तिच्यात पुस्तकं आणि मेस येत नाही. आणि समजा घरात सोन्याचा धूर निघत असता तरी जे हक्काचं आहे ते का सोडायचं? मी काही दारात पदर पसरायला आले नव्हते. मुलगी शेजारी उभी होती, ती काही बोलली नाही, बाहेर आल्यावर म्हणाली मम्मी आता परत यायचं नाही इथे. शाळेत असताना हीच पोरगी दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिनाची छोटी छोटी झेंड्याची तिकिटं घेऊन वाड्यात घरोघर फिरायची, माजी सैनिकांसाठी निधी द्या म्हणत. वडील अभिमानाने बघायचे.

कायदा काय म्हणतो तेही आता वाचून झालंय. २०१३ ला सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर नंतर झालेला आजार नोकरीमुळेच झाला असं धरायचं, नाही म्हणायचं असेल तर कारणं देऊन सिद्ध करायचं काम सरकारचं. त्यांनाही फिटच यायच्या, त्यांनाही नऊ वर्षांच्या आसपास नोकरी झाल्यावर काढलं होतं. आमच्या बोर्डाने कारण म्हणून एक शब्द लिहिलेला नाही. पुढे २०२० मध्ये सरकारने बोर्ड आऊट होणाऱ्यांसाठी दहा वर्षांची अट काढली, आम्ही पेढे आणायच्या बेतात, तर खाली बारीक ओळ, ४ जानेवारी २०१९ ला किंवा त्यानंतर नोकरीत असणाऱ्यांनाच. म्हणजे आधी आजारी पडलेल्यांनी काय, तारीख बघून आजारी पडायला हवं होतं का?

अधिकारी घडवणाऱ्या एनडीए, आयएमए या संस्थांत ट्रेनिंगमध्ये जायबंदी झालेल्या कॅडेटांची ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, त्यांना ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतले उपचार मिळाले, चांगलंच झालं, त्या पोरांचे खरंच हाल होते. पण ते होणारे साहेब, त्यांच्या मोठ्या बातम्या झाल्या. जवान बोर्ड आऊट झाला की त्याच्या वाट्याला तुमचं ते आवाहन. आमच्या देवळालीगावात रोज पहाटे पोरं अग्निवीरच्या भरतीसाठी पळतात, त्यांच्या आईबापांनीही नीट वाचून ठेवावं, अपंगत्व आलं तर त्याच्या प्रमाणात १५, २५ किंवा ४४ लाख आहेत, पण तिथेही हीच अट आहे, नोकरीमुळे आलं असं बोर्डाने मान्य केलं तरच.

आता मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये जायचं ठरतंय. वकील म्हणतात केस उभी राहील, पण निकाल येईपर्यंत मुलीची डिग्री होऊन जाईल. ते मीही जाणून आहे.

जाता जाता एक, मागे घरपट्टीवर लिहिलेलं माझं पत्र तुम्ही अर्धं कापून छापलंत आणि नेमका मुद्दाच उडवलात. (माजी सैनिकांच्या घरपट्टी माफीलाही तेच कार्ड लागतं, म्हणून ती आम्ही भरतोच.) यावेळी जागा कमी पडली तर माझा राग कापा, तो घरात भरपूर शिल्लक आहे. २०१३ च्या निकालाचं आणि सहा महिन्यांच्या मुदतीचं तेवढं ठेवा, एखाद्याचा नवरा आत्ता हॉस्पिटलात बोर्डाची वाट बघत असेल.

आपली,
एक वाचक, देवळालीगाव, नाशिकरोड