पहिली कैफियत लिहायला बसलेल्या लेकीस

राजापूर,
१२ जानेवारी २०२६

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

सीनियरनी पहिली कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, तुझ्यावर सोपवली हे वाचून मला आणि बाबांना फार आनंद झाला. बाबांनी तर वाडीत सगळ्यांना सांगूनही टाकलं. पण पुढे तू विचारलं आहेस, "आई, प्रतिवादीचा वकील म्हणजे जन्मभर नुसतं 'नाही, नाही' म्हणत राहायचं का?" हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

दावा लावणारा तयारीने येतो. कागद जमवलेले असतात, वकील ठरलेला असतो, वेळही त्याच्या सोयीची. प्रतिवादीच्या दारात मात्र एक दिवस अचानक बेलिफ उभा राहतो. त्यात आपल्याकडची घरं तुला माहीतच आहेत, गणपतीला आणि शिमग्याला उघडायची, एरवी कुलूप. समन्स दाराला चिकटवलं जातं आणि डोंबिवलीतल्या चाकरमान्याला त्याचा पत्ताही नसतो. भाद्रपदात येऊन बघतो तर त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, झालेला. तो रद्द करून घ्यायला तीस दिवसांत अर्ज द्यावा लागतो, आणि समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हे तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजायचे. असा माणूस ऑफिसात आला की आधी त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, आपल्यावर गुन्हा दाखल झालेला नाही एवढं त्याच्या मनात नीट उतरू द्यायचं. कागद त्यानंतर मागायचे. समोरच्याने उकरून काढलेल्या भांडणात ओढला गेलेला हा माणूस आपला अशील असतो, आणि त्याच्या बाजूने उभं राहण्यात मला आजवर कधी कमीपणा वाटलेला नाही.

आता तुझ्या 'नाही'बद्दल. दिवाणी प्रक्रिया संहितेची आठवी ऑर्डर, म्हणजे कैफियतीचं प्रकरण, पुन्हा एकदा शांतपणे वाच, विशेषतः नियम ३, ४ आणि ५. मोघम नकार चालत नाही. वादीचं प्रत्येक विधान वेगळं घेऊन त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल केलं असं धरलं जातं. दाव्यातला सगळा मजकूर खोटा, लबाडीचा असून मान्य नाही, असं एका वाक्यात उरकणाऱ्या कैफियती आमच्या बाररूममध्ये मी पुष्कळ पाहिल्या. त्यांचे वकील, कोर्ट वादाचे मुद्दे ठरवतं त्या वेळी गप्प बसलेले असतात. वादी म्हणतो, मी अमुक गावचा, माझे वडील अमुक साली वारले, सातबाऱ्यावर माझं नाव आहे. हे खरं असेल तर 'मान्य आहे' असं लिही. खरं ते मान्य केलंस की जिथे तू 'मान्य नाही' म्हणतेस तिथे न्यायाधीश थांबून वाचतात.

कैफियत द्यायच्या मुदतीचंही सांगून ठेवते. आमच्या साध्या दाव्यात तीस दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर नव्वद, आणि त्यापुढेही सबळ कारण असेल तर कोर्ट कधीकधी ऐकून घेतं. तुझ्या व्यापारी दाव्यांत तसं नाही. तिथे समन्स बजावल्यापासून १२० दिवस झाले की कैफियत देण्याचा हक्कच संपतो. इकडची सवय तिकडे नेऊ नकोस.

खाडीकाठच्या एका गावातला दावा सांगते, नावं सांगत नाही. वादीचं म्हणणं, प्रतिवादीने चार वर्षांपूर्वी जुना गडगा, म्हणजे हद्दीवरचं दगडी कुंपण, पाडला, तीन हात पुढे सरकवून नवीन बांधला आणि आमच्या बागेत अतिक्रमण केलं. आमचा अशील म्हणे, गडगा आहे तिथेच आहे. मोजणीच्या नकाशावरून दोन्ही बाजूंनी वाद घातला. मी जागेवर जाऊन पाहिलं. वादीच्या बाजूला गडग्याला लागून एक जुना रतांबा, म्हणजे कोकमाचं झाड, होता. त्याचं खोड वाढत वाढत गडग्यावर आलेलं, आणि दोन चिरे त्या खोडात पार बुजून गेलेले. वरून जेमतेम चार बोटं दगड दिसत होता. जागेची पाहणी करायला कोर्टाने नेमलेल्या कमिशनरच्या अहवालात ते झाड आणि ते चिरे जसेच्या तसे नोंदवून घ्यायला लावले. उलटतपासात वादीला बागेबद्दल विचारत गेले, नारळ किती, आंबे किती, पाणी कुठून आणता. मग विचारलं, गडग्याजवळचा रतांबा कोणी लावला? तो अभिमानाने म्हणाला, "आमच्या आजोबांनी." मी "आणखी काही विचारायचं नाही" म्हणून खाली बसले. अशील माझ्याकडे गोंधळून बघत होता. त्याला वाटलं, खरा प्रश्न राहूनच गेला. तो प्रश्न विचारला असता तर वादीला सावरायला वाव मिळाला असता. तो मी युक्तिवादासाठी ठेवला. चार वर्षांपूर्वी बांधलेला गडगा आजोबांच्या झाडाने पोटात कसा घेतला, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. दावा नामंजूर झाला. म्हणून सांगते, मुंबईत तुझे अशील कंपन्या असल्या तरी त्यांच्या गोदामात एकदा जाऊन ये. माल कसा उतरतो, चलनावर सही कोण करतो, हे डोळ्यांनी बघ.

पण प्रत्येक दावा लढायचा नसतो, आणि हे अशिलाला पहिल्याच दिवशी सांगायचं धैर्य लागतं. दोन भाऊ आले होते, बहिणीने वाटपाचा दावा लावलेला. "तिने तोंडी हक्क सोडला होता असं लिहा," म्हणाले. हक्कसोडपत्र कुठेच नाही, आणि मागाहून मला म्हणाले की तसं बोलणंही कधी झालं नव्हतं. मी सांगितलं, हे मी लिहिणार नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच हक्कदार, झाली आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वडील २००५ साली हयात असण्याची अटही लागत नाही हे स्पष्ट केलं. मोठा भाऊ रागाने उठून गेला. आठवड्याने परत आला. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली, बहिणीने राहतं घर भावांना सोडलं आणि रस्त्याकडची हापूसची कलमं घेतली. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, कोर्ट फीही परत मिळते. मी त्यांची वकील होते आणि त्यांना त्यांची बहीण परत मिळवून दिली. हेही माझं प्रतिवादीचंच काम होतं.

महाडचा सत्याग्रह तुला पाठ आहे, पण त्याचा दावा कोणी शिकवत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा महाडच्या काही सवर्णांनी त्यांच्यावर दिवाणी दावा लावून तात्पुरती मनाई आणली. हजारो माणसं जमलेली, मनं पेटलेली, आणि प्रतिवादी क्रमांक एक स्वतः बॅरिस्टर. त्यांनी कोर्टाचा हुकूम पाळला, लोकांनाही पाळायला लावला, आणि कोर्टात उभे राहिले. तळं खाजगी आणि अस्पृश्यांना बंदीची रूढी अनादी, हे वादींचं म्हणणं. जो रूढी सांगतो त्यानेच ती शाबीत करायची. १९३१ ला वादींचा दावा फेटाळला गेला, त्यावरचं त्यांचं अपीलही फेटाळलं गेलं, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानेही ती रूढी शाबीत झालेली नाही असाच निकाल दिला. दहा वर्षं एक प्रतिवादी ठाम उभा राहिला. आपल्या कोकणातल्या कोर्टात सुरू झालेला हा दावा आहे, मैत्रेयी. त्या निकालाची प्रत काढून वाच.

पैशाचंही सांगते, कारण तू विचारलं नसलंस तरी मनात असणारच. वादीला काही मिळवायचं असतं, म्हणून तो फी देतो. प्रतिवादीला हातात आहे तेच राखायचं असतं, त्यामुळे त्याला फी जड जाते. आमच्याकडे ती आंब्याच्या हंगामानंतर, तीही हप्त्यांनी येते. घर चाललं, तुझं शिक्षण झालं, पण मोठी गाडी काही आली नाही, आणि मला तिचं वाईट वाटत नाही. गेल्या ऑगस्टपासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे अपिलासाठी मुंबईची रात्रीची गाडी पकडायची गरज उरली नाही. अणुस्कुरा घाट चढला की झालं. गरीब पक्षकारासाठी ही मोठी गोष्ट आहे.

कैफियतीचा कच्चा मसुदा मला पाठव. अशिलाचं नाव खोडून पाठव, ते माझ्याकडेही यायला नको. दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदासमोर 'मान्य', 'नाकबूल' किंवा 'माहिती नाही' असं पेन्सिलीने लिहून मगच टाईप करायला घे. आणि सत्यापनावर, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या शेवटच्या कबुलीवर, सही घेण्याआधी सगळी कैफियत अशिलाला त्याच्या भाषेत वाचून दाखव. तुझे अशील गुजराती असतील तर गुजराती जाणणारा कोणी जवळ बसव.

बाबा विचारतायत, शिमग्याला येणार ना?

तुझी,
आई